शांतता काढून टाकण्याचा प्रोग्राम

२५ ऑगस्ट, सोमवार. धार.

आजपासून रोज लिहायचं. मन मोकळं करण्यासाठी नाही. तसली सवय आमच्यात नाही. कामाची नोंद राहावी म्हणून.

काम असं. देवासच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत दर शनिवारी वर्कशॉप आहे. रिसर्च डेटा मॅनेजमेंट आणि कोडिंग. म्हणजे संशोधनातली माहिती नीट कशी ठेवायची आणि ती साफ करायला छोटे प्रोग्राम कसे लिहायचे. आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतून एक माणूस पाठवायचा होता. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं. सगळे खाली बघत होते. मी वर बघितलं, एवढंच. नाव माझं लागलं.

हरकत नाही. पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, महिन्याभरात येईल.

शेवटी प्रत्येकाने एक खरा डेटा तिथल्या डिजिटल संग्रहात जमा करायचा आहे. माझ्याकडे हिचा डेटा आहे. ही म्हणजे माधवी, माझी पत्नी. आमच्याच कॉलेजात बॉटनी शिकवायची. नालछा ते मांडू रस्त्यावरच्या गोरखचिंचांवर हिचं काम होतं. दर रविवारी मी स्कूटर चालवायचो. ही बुंध्याला टेप लावायची आणि घेर, फळं, पानं सगळं मोबाइलमध्ये बोलून ठेवायची. मोबाइल भरला की रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उतरवून मोबाइल रिकामा करायची. व्यवस्थित बाई.

गेल्याच्या गेल्या माघात गेली. काम अर्धं राहिलं. हिची विद्यार्थिनी शिखा ते पुढे नेणार आहे. त्यासाठी रेकॉर्डिंग संग्रहात जायला हवीत. शिखा अधूनमधून विचारते. मी सांगतो, क्वालिटी चेक चालू आहे.

खरोखरच चालू आहे. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलं की ऐकतो.

संकल्प: दसऱ्याच्या आत सगळं जमा.

२८ ऑगस्ट. संध्याकाळ.

क्वालिटी चेक. आवाज स्वच्छ. मागे वानरं, मधेच एखादी टुरिस्ट बस.

ही विचारते, 'हे झाड खंगलंय का हो मागच्यापेक्षा?' मी म्हणालो, खंगलंय, पण पलीकडे नवी फांदी आहे.

लोकांचा समज आहे की मी बोलत नाही. रेकॉर्डिंग ऐकलं तर कळेल, आम्ही दोघंही बोलतो. हिच्याइतकं नाही, पण मुद्द्याचं.

३० ऑगस्ट, शनिवार. देवास.

पहाटेची बस, इंदूरला बदलून देवास. पहिला दिवस.

शिकवणारी मुलगी अपूर्वा. इंदूरची. आडनाव मराठी, मराठी कच्चं. मला म्हणाली, सर, मेरी मराठी थोडी वीक आहे, चालेल ना. मी मान हलवली. आमच्या घराण्यात मान हलवण्याला शब्दाइतकीच किंमत. आजोबा धारच्या दरबारात होते. ते सांगायचे, विचारल्याशिवाय बोलू नये, आणि विचारलं तरी आधी बघावं, मान हलवून भागतंय का.

आज शिकलो: फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. मूळ डेटाला हात लावायचा नाही, कॉपीवर काम करायचं. तीन कॉप्या ठेवायच्या, दोन वेगळ्या वस्तूंवर, एक वेगळ्या गावात. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं, फक्त करायचं राहिलं होतं.

शेजारी अजेय नावाचा केमिस्ट्रीचा लेक्चरर बसतो. सारखा बोलतो. माझ्या स्क्रीनवर बघून म्हणाला, बळवंत भिया, ये काला पर्दा चालू करना है, बंद नहीं. ते मला दिसत होतं.

मुक्काम अक्काकडे. कमलअक्का माझी थोरली बहीण. उद्या तिच्याकडे महालक्ष्म्या बसायच्या, घरभर मुखवटे आणि साड्या. मला मागची खोली दिली. तिथे क्वालिटी चेक केला. अक्काने दार उघडून विचारलं, कुणाशी बोलतोयस. म्हटलं, रेकॉर्डिंग आहे. ती काही न बोलता गेली. तिलाही वळण तेच.

६ सप्टेंबर, शनिवार. धार.

अनंत चतुर्दशी. वर्कशॉपला सुट्टी. स्वतःच पायथन करायचं ठरवलं होतं. दुपारी जरा पडलो.

क्वालिटी चेक मात्र झाला. हिने विचारलं, 'घरी गेल्यावर काय करू?' मी म्हणालो, काही करू नकोस, अक्काने महालक्ष्मीच्या पुरणाच्या पोळ्या बांधून दिल्यात.

९ सप्टेंबर.

कॉप्यांचं काम संपवलं. डेस्कटॉपवर फोल्डरचं चित्र आहे, त्यावर माउसची उजवी बाजू दाबून ते पेनड्राइव्हवर पाठवायचं असतं. एका क्षणात झालं. दोन पेनड्राइव्ह केले. लोक उगाच म्हणतात वेळ लागतो. एक माझ्याकडे, एक शनिवारी अक्काकडे नेणार. तीन कॉप्या, दोन वस्तू, दोन गावं.

१३ सप्टेंबर, शनिवार. देवास.

आज कोड. पायथनमध्ये ओळी किती आत सरकवून लिहायच्या याला महत्त्व असतं. चूक झाली तर प्रोग्राम चालत नाही. अजेय वैतागला. मला अडचण आली नाही. दरबारात कोण कुठे उभा राहील हेही असंच असायचं.

अडचण आली ती इतर कारणांनी. सात वेळा लाल अक्षरं आली. अपूर्वाने दुरुस्त केलं.

पेनड्राइव्ह अक्काकडे दिला. नीट ठेव म्हटलं. तिने देवघरात ठेवला, कुलस्वामिनीच्या टाकाशेजारी. अपूर्वाला सांगितलं की एक कॉपी देवासला आहे. ती सगळ्या वर्गाला म्हणाली, सरांकडून शिका.

१५ सप्टेंबर, सोमवार. धार.

अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध आजच करतात. सवाष्ण जेवायला घालायची, साडी-चोळी द्यायची. शेजारची गुड्डी आली. माळव्यातलीच, आमच्या रीती तिला माहीत नाहीत. श्राद्धाला जेवताना बोलत नाहीत, स्वयंपाक कसा झालाय तेही विचारत नाहीत. मी बोललो नाही. गुड्डी पहिल्या घासापासून बोलत होती. कढी बहोत अच्छी बनी भाईसाब, वडे किसने बनाए, ये वाली खीर तो भाभी बनाती थीं.

मग म्हणाली, शाम को आपके यहाँ कौन आता है, रोज बातें सुनाई देती हैं. हमारे ये बोले, चलो, भाईसाब का मन लगा हुआ है.

म्हटलं, रेकॉर्डिंग. माझा आणि माधवीचा आवाज आहे त्यात. गुड्डी म्हणाली, भाभी की तो नहीं, आपकीच आवाज आती है. भिंतीतून जड आवाज जास्त जातो. हे फिजिक्स आहे. तिला समजावत बसलो नाही.

साडी हिच्याच आवडीची घेतली होती, मोरपिशी. गुड्डीला छान दिसेल.

२० सप्टेंबर, शनिवार. देवास.

आज माझ्या डेटावर चर्चा. संग्रहात इतक्या मोठ्या फाइली जात नाहीत. अपूर्वाने विचारलं, एवढ्या लांब का आहेत. सांगितलं, मॅडम रेकॉर्डिंग चालू ठेवूनच एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जायच्या.

ती म्हणाली, मग मधे खूप शांतता असेल. शांतता काढून टाकणारा प्रोग्राम असतो. आवाज एका पातळीच्या खाली गेला आणि थोडा वेळ तसाच राहिला की तो तुकडा उडतो. बोलणं तेवढं राहतं. तिने लिहून दिला, दहाबारा ओळींचा. म्हणाली, आधी एका फाइलच्या कॉपीवर चालवून बघा. नाहीतर आकडे ऐकून टेबल बनवा, ते सगळ्यात चांगलं, रेकॉर्डिंग तुमच्याकडेच राहू दे.

टेबल हे कारकुनी काम. ऑटोमेशनच्या जमान्यात ते शोभत नाही. प्रोग्राम घेतला.

शांतता जाणार म्हणजे एका झाडाकडून दुसऱ्याकडे चालण्याचे तुकडे जाणार. बरंच आहे. आमचं बोलणं सलग ऐकता येईल. रात्री नीट झोप लागली.

२४ सप्टेंबर. धार.

प्रोग्राम चालवायचा होता. आधी क्वालिटी चेक केला. जुनी फाइल निघाली, थंडीतली. हिने विचारलं, 'थकलात का?' मी म्हणालो, थकलो नाही, पण हल्ली जिना चढताना गुडघा बोलतो. प्राचार्यांची बदली होणार ऐकतो. गुड्डीला साडी दिली, मोरपिशी, तुझ्या त्या साडीसारखी. हवा बदललीय. पितृपंधरवडा संपला.

ही ऐकत होती. हिची ऐकण्याची पद्धत चांगली. मधे बोलत नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार. देवास.

प्रगतीचा आढावा. मी सांगितलं, नव्वद टक्के झालंय. अपूर्वाने विचारलं, कॉपीवर चाचणी घेतली का. मी मान हलवली.

अक्काने भुट्ट्याचा कीस केला होता. वाढताना म्हणाली, बळवंता, थोडे दिवस इथेच राहा की. तिकडे एकटाच असतोस. म्हटलं, वेळ नाही, डेटा आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार. धार. दुपार.

आज चालवला.

उद्या खंडेनवमी. शस्त्रपूजेत लॅपटॉप ठेवायचा, मग त्याला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे आजच हवं होतं. एका फाइलवर चाचणी घ्यायला वेळ नव्हता. कॉप्या आहेतच. प्रोग्रामला मूळ फोल्डर दिला. नवीन फाइलींची नावं काय, असं लिहायची जागा होती, तिथे जुनीच नावं दिली, म्हणजे शिखाचा गोंधळ नको.

काळ्या पडद्यावर ओळी धावल्या. एकही लाल नाही. फोल्डर एवढासा झाला. मोठी झाडलोट केल्यासारखं वाटलं.

सगळं संग्रहात चढवलं. शिखाला फोन केला. ती इतकी आनंदली की तिला बोलता येईना. मलाही फार बोलावं लागलं नाही. संकल्प मुदतीच्या आत पूर्ण.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.

पाटावर आजोबांची तलवार, हिची मोजायची टेप, लॅपटॉप. झेंडूची माळ. लॅपटॉपला गंध लावताना जपलं, बटणांत जाऊ दिलं नाही. बाहेर स्कूटरला हार.

आज ऐकायचं नाही. एक दिवस चालतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. धार. संध्याकाळ.

पूजा उचलली. लॅपटॉप उघडला.

प्रोग्राममध्ये दोष आहे. माझा आवाज गेला.

हिचे सगळे आकडे आहेत, हिचे प्रश्नही आहेत. 'हे झाड खंगलंय का हो मागच्यापेक्षा बरं पुढचं.' असं एका दमात. 'थकलात का चला मग.' मी बोलायला तोंड उघडतो तोवर ही पुढच्या झाडाचा घेर सांगत असते. एकदाही थांबत नाही. पुन्हा पुन्हा लावून बघितलं. मी घाईघाईने बोलून बघितलं. जमत नाही.

कारण स्पष्ट आहे. मी हळू बोलतो. अपूर्वाने पातळी फार वर ठेवली, त्यात हळू बोलणारा माणूस कापला गेला. उद्या शांतपणे सांगायचं. तिच्यावर रागवायचं नाही. तरुण आहे, शिकेल.

पेनड्राइव्हवर मूळ आहे. काळजीचं कारण नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार. देवास.

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

अपूर्वाला सांगितलं. तिने पातळी बघितली. म्हणाली, सर, ही तर खूप कमी आहे, कुजबूज केली तरी राहते. मूळ फाइल लावून बघू.

पेनड्राइव्ह लावला. त्यात फोल्डरच्या चित्रावर छोटा बाण होता. दाबलं तर उघडेना. अक्काकडून दुसरा आणला. टाकाशेजारचा असल्यामुळे त्याला कुंकू लागलेलं. त्यातही बाण. अजेय वाकून बघत होता. नेहमी हसतो, तसा हसला नाही. म्हणाला, भिया, आपने घर का पता कॉपी किया है. घर नहीं.

अपूर्वाने लॅपटॉपवर पुसलेलं परत आणायचा प्रयत्न केला. जेवायची सुट्टी तिने घेतली नाही. त्याच नावावर नवीन लिहिलं गेलं होतं, निघालं नाही.

मी म्हटलं, निदान प्रोग्राम सुधारून ठेवा, दुसऱ्या कुणाचा आवाज जाऊ नये. तिला ते पटत नव्हतं. म्हणाली, कुठूनही एक तरी मूळ फाइल मिळेल का.

शिखाला फोन लावला. तिच्याकडे एक निघाली. निरीक्षण कसं नोंदवायचं हे दाखवायला मॅडमनी कधीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवली होती. तिने लगेच पाठवली. अपूर्वाने ती पडद्यावर मोठी केली. आवाज चित्रासारखा दिसतो. बोललं की डोंगर. ही बोलते तिथे डोंगरच डोंगर. मग सपाट रेघ. मग परत डोंगर.

मी त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. म्हटलं, इथे मी बोलतो.

अपूर्वाने आवाज पूर्ण वाढवला. वारा. पुन्हा लावला. वारा. ती खूप हळू म्हणाली, आणि नीट मराठीत म्हणाली, 'सर, इथे कुणी बोललेलं नाहीये.'

मी मान हलवली.

शेवटचा दिवस होता म्हणून सर्टिफिकेटं वाटली. माझ्या डेटासमोर शेरा आहे: उपयुक्त माहितीचं नुकसान शून्य. शिखाचाही मेसेज आला, सगळे आकडे नीट ऐकू येतात, खूप उपकार झाले. अजेयने बस स्टँडपर्यंत गाडीवर सोडलं. बस सुटेपर्यंत तिथेच उभा होता. अक्काकडे थांबलो नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. धार. सकाळ.

रविवार आहे. स्कूटर पुसली. कुठे जायचं नव्हतं.

शिखाने पाठवलेली फाइल मोबाइलवर आहे. ऐकायची नाही असं ठरवून अंघोळ केली, चहा केला, पेपर वाचला. मग ऐकली. तांत्रिक खात्री म्हणून. या वेळी मी बोलायचं नाही असं ठरवलं, म्हणजे नक्की काय आहे ते कळेल.

ही झाडाचा घेर सांगते. फळं सांगते. पायाखाली पाला वाजतो. मग आवाज जरा जवळ येतो, माझ्याकडे वळल्यासारखा.

'अहो, पाणी हवंय का?'

वारा. लांब वानर ओरडलं. बांगडी वाजली, बाटली पुढे केली असावी. एक बस आली, गेली, तिचा आवाज घाटात पार विरला. ही थांबलेलीच होती. एवढा वेळ थांबत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. एरवी इथे मी बोलत असायचो, त्यामुळे पुढचं कधी ऐकलंच नव्हतं.

झाकण उघडल्याचा आवाज.

'बरं. मग मीच पिते.'

मला त्या दिवशी तहान लागली होती.